छळ आणि हिंसा या विषयावर मंडळीत अभ्यासवर्ग कसा घ्यावा

ख्रिस्ती मंडळीत हिंसेचा विषय निघाला की चर्चा बघता बघता युद्धावर जाते. शत्रू चालून आला तर काय करायचे, घरात चोर शिरला तर हात उगारायचा की नाही, विश्वासणाऱ्याने सैन्यात जावे काय, असे प्रश्न एकामागून एक येतात आणि वेळ संपतो. हे प्रश्न खोटे नाहीत. पण त्यांच्या गर्दीत कोठडीतला माणूस नेहमी मागे राहतो. त्याचे हात बांधलेले असतात, त्याच्यापासून समोरच्याला कसलाही धोका उरलेला नसतो आणि तरीही त्याला मारले जाते. स्वसंरक्षणाची सबब त्याच्या बाबतीत लागूच पडत नाही. म्हणून पाळक, धर्मगुरू किंवा शास्त्राभ्यासाच्या गटाचे प्रमुख यांनी या विषयावर वर्ग घेताना बंदिवानापासून आरंभ करावा आणि युद्धाचा प्रश्न मागाहून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हा क्रम पाळला तर शांततावादी आणि शस्त्र धरणे कधीकधी क्षम्य मानणारे, असे दोघेही बराच वेळ एकाच बाकावर बसून विचार करू शकतात.

वर्गापूर्वीची तयारी

छळ कशाला म्हणायचे हे आधी ठरवून घ्यावे, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या मनातल्या चित्राविषयी बोलत राहतो. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९८४ रोजी स्वीकारलेल्या छळविरोधी करारातील पहिल्या कलमाची व्याख्या वर्गापुरती पुरेशी आहे. माहिती किंवा कबुली मिळवण्यासाठी, शिक्षा म्हणून, धाक बसवण्यासाठी किंवा भेदभावापोटी एखाद्याला जाणूनबुजून तीव्र शारीरिक अथवा मानसिक वेदना देणे, आणि ते सरकारी अधिकाऱ्याच्या हातून, सांगण्यावरून किंवा संमतीने होणे, असा तिचा आशय आहे. मानसिक वेदनेचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, याकडे गटाचे लक्ष वेधावे. अंगावर वळ नाहीत म्हणजे छळ झाला नाही, असे समजणारे लोक प्रत्येक गटात असतात. त्याच कराराचे दुसरे कलम सांगते की युद्ध, युद्धाची भीती, अंतर्गत अस्थिरता किंवा वरिष्ठांचा हुकूम यांपैकी कोणतेही कारण छळाचे समर्थन ठरू शकत नाही. हा मजकूर एका कागदावर उतरवून प्रत्येकाच्या हाती द्यावा.

दुसरी तयारी माणसांविषयीची आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. समोर बसलेल्यांमध्ये कोणी कोठडीत मार खाल्लेला असू शकतो, कोणी नोकरीचा भाग म्हणून मार दिलेला असू शकतो, आणि दोघांनीही ती गोष्ट आजवर कोणाला सांगितलेली नसेल. म्हणून अनुभव सांगण्याचा आग्रह कोणालाही करू नये. छळाच्या पद्धतींचे वर्णन करू नये आणि चित्रे तर मुळीच दाखवू नयेत. कोणाला मध्येच उठून बाहेर जावेसे वाटले तर कारण न विचारता जाऊ द्यावे. बाहेर त्याच्याजवळ शांतपणे बसेल अशी एक समंजस व्यक्ती आधीच नेमून ठेवावी. वर्गात बोललेले वर्गातच राहील, हे पहिल्या दिवशी सर्वांकडून कबूल करून घ्यावे.

घरातल्या मारहाणीविषयी येथेच एक इशारा द्यायला हवा. ‘दुसरा गाल पुढे कर’ हे वचन सांगून मार खाणाऱ्या स्त्रीला पुन्हा त्याच घरात पाठवल्याची उदाहरणे मंडळ्यांना अपरिचित नाहीत. त्या वचनाचा असा उपयोग येथे होणार नाही, हे वर्ग घेणाऱ्याने आरंभीच सांगून टाकावे. ते ऐकूनच एखादी बहीण पुढच्या वेळी यायचे की नाही हे ठरवत असते.

पहिले वाचन: अटकेपासून वधस्तंभापर्यंत

येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो की त्यातील तुरुंग आणि शिपाई दिसेनासे होतात. म्हणून योहानाच्या शुभवर्तमानातील अठरावा अध्याय आणि लूकचे बाविसावे व तेविसावे अध्याय एका बंदिवानाच्या प्रकरणाची कागदपत्रे वाचावीत तसे वाचावेत. अटक रात्री होते. पहारेकरी त्याचे डोळे झाकून त्याला मारतात आणि ‘कोणी मारले ते ओळख’ म्हणून थट्टा करतात. अंगावरची वस्त्रे काढून घेतली जातात. गटाने वाचत असताना दोन स्तंभ आखून एका बाजूला काय केले गेले ते आणि दुसऱ्या बाजूला कोणी केले किंवा होऊ दिले ते लिहीत जावे. दुसरा स्तंभ भरताना लोक अडखळतात, कारण तिथे शिपायांबरोबरच सेवक, याजक, सुभेदार आणि अंगणात शेकत बसलेला पेत्र यांचीही नावे येऊ लागतात.

या वाचनात दोन ठिकाणी थांबावे. पहिले ठिकाण योहान १८:२२-२३ हे आहे. प्रमुख याजकासमोर उभ्या असलेल्या येशूला एक शिपाई चपराक मारतो. येशू त्याला उलटून मारत नाही आणि गप्पही बसत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे तो विचारतो. डोंगरावरील प्रवचनातील दुसऱ्या गालाचे वचन (मत्तय ५:३९) या प्रसंगासमोर ठेवून वाचले म्हणजे त्याचा अर्थ निमूट मार खात राहणे असा काढता येत नाही. मारणाऱ्याला जाब विचारणे आणि तरीही त्याच्यावर हात न उगारणे, या दोन्ही गोष्टी तिथे एकाच माणसाने, एकाच क्षणी केलेल्या आहेत.

दुसरे ठिकाण रोमी सुभेदार पिलाताच्या बोलण्यातले आहे. लूकच्या तेविसाव्या अध्यायात पिलात तीन वेळा सांगतो की या माणसात मला दोष सापडत नाही, आणि त्याच दमात म्हणतो की मी याला फटके मारून सोडून देतो. ज्याला निर्दोष ठरवले त्यालाच फटके, आणि तेही तडजोड म्हणून! मोठा अन्याय टाळण्यासाठी लहान अन्याय करणारा, मनातून बहुधा स्वतःला दयाळू समजणारा अधिकारी येथे पुरता दिसतो. ‘थोडेसे मारले तर काय बिघडले’ हा युक्तिवाद वर्गात कोणी मांडला, आणि कोणीतरी तो मांडतोच, तर त्याला उत्तर देण्याऐवजी हे वचन पुन्हा मोठ्याने वाचायला सांगावे.

यानंतर प्रेषितांची कृत्ये २२:२४-२९ घ्यावे. यरुशलेमेत दंगल उसळल्यावर रोमी सरदार पौलाला गढीत नेऊन, फटके मारून चौकशी करण्याचा हुकूम देतो. चौकशीसाठी मार, म्हणजे आजच्या व्याख्येत तंतोतंत बसणारी गोष्ट. चामड्याच्या वाद्यांनी बांधला जात असताना पौल शताधिपतीला विचारतो की ज्याला दोषी ठरवलेले नाही अशा रोमी माणसाला फटके मारणे कायदेशीर आहे काय. सरदार घाबरतो आणि प्रकरण तिथेच थांबते. छळ टाळण्यासाठी कायद्याचा आधार घेणे म्हणजे विश्वास कमी असणे, अशी समजूत असलेल्यांना हा उतारा उपयोगी पडेल. त्याचबरोबर गटापुढे एक प्रश्न ठेवावा: त्याच गढीत, त्याच खांबाला, रोमी नागरिकत्व नसलेला माणूस बांधला गेला असता तर काय झाले असते? उत्तर सर्वांना ठाऊक असते. अधिकार काही मोजक्यांनाच असतील तर इतरांच्या वतीने कोणी बोलायचे, याकडे चर्चा येथून आपोआप वळते.

अवघड वचने टाळू नयेत

हिंसेचे समर्थन करण्यासाठी जी वचने पुढे केली जातात, ती वर्ग घेणाऱ्याने स्वतःच काढावीत. ती दुसऱ्याने काढली तर आपण काही लपवत होतो असे दिसते. मंदिरातील दोऱ्यांच्या कोरड्याचा प्रसंग (योहान २:१५) वाचताना मेंढरे व गुरे यांचा उल्लेख दाखवावा, आणि त्या प्रसंगात कोणा माणसाला पकडून इजा केल्याचे लिहिलेले नाही हेही दाखवावे. ‘मी शांतता नव्हे तर तलवार घेऊन आलो आहे’ (मत्तय १०:३४) हे वचन पुढच्या दोन-तीन वचनांसह वाचले की कुटुंबात पडणाऱ्या फुटीविषयी ते आहे, हे कळते. त्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. लूक २२:३६-३८ मधील दोन तलवारी मात्र सावकाश वाचाव्यात. त्या तलवारींचे पुढे काय होते ते त्याच अध्यायात आहे: एकीने महायाजकाच्या दासाचा कान तुटतो, येशू ‘एवढे पुरे’ म्हणून थांबवतो आणि कानाला स्पर्श करून तो बरा करतो. त्या दासाचे नाव मल्ख होते, ही माहिती योहान देतो. अटक करायला आलेल्या टोळीतील एका नोकराचे नाव शुभवर्तमानात जपले गेले आहे, याची नोंद गटाने घ्यावी असे मला वाटते.

रोमकरांस पत्रातील तेरावा अध्याय, अधिकारी उगीच तलवार धारण करत नाही हे सांगणारा, सहसा एकटाच उद्धृत केला जातो. तो बाराव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनांपासून वाचायला घ्यावा, म्हणजे सूड घेऊ नका, शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला द्या, बऱ्याने वाइटाला जिंका, हे शब्द त्याच श्वासात येतात. अधिकाऱ्याला दिलेल्या तलवारीतून बंदिवानाला यातना देण्याचा परवाना कसा निघतो, हे दाखवण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर राहते. यहोशवाच्या पुस्तकातील संहाराचे अध्याय एका बैठकीत उलगडणारे नाहीत. ते स्वतंत्रपणे घ्यावेत आणि तोवर कोणतेही गुळगुळीत उत्तर देऊ नये.

मंडळीचा स्वतःचा इतिहास

या भागात वर्ग घेणाऱ्याची कसोटी लागते, कारण छळ सोसलेल्या ख्रिस्ती लोकांच्या कथा सांगून थांबण्याचा मोह मोठा असतो. ख्रिस्तसभेने छळ सोसला, ख्रिस्तसभेने छळ केला, आणि छळाविरुद्ध पहिले आवाजही अनेकदा तिच्यातूनच उठले. तिन्ही गोष्टी सांगाव्यात.

आरंभीच्या शतकांतून तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाचे म्हणणे घ्यावे: पेत्राला तलवार म्यानात घालायला लावून प्रभूने प्रत्येक सैनिकाची तलवार सोडवली. इ. स. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेत मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने मी ख्रिस्ती आहे म्हणून सैन्यात जाणार नाही असे सांगितले आणि त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर सत्ता आणि मंडळी जवळ आल्या. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन या बिशपने मेजवानीच्या दृष्टांतातील ‘त्यांना आत येण्यास भाग पाड’ हे शब्द (लूक १४:२३) पाखंडी ठरवलेल्यांवरील सक्तीच्या समर्थनार्थ वापरले. त्याच ऑगस्टीनने न्यायालयातील छळाबद्दल खेदाने लिहिले आहे की आरोपी दोषी आहे की नाही हे ठाऊक नसते म्हणून त्याला यातना दिल्या जातात, म्हणजे संशयित गुन्ह्यासाठी त्याला निश्चित वेदना भोगावी लागते. एकाच लेखणीतून आलेली ही दोन मते शेजारी ठेवावीत आणि गटाला त्यांच्याशी झुंजू द्यावे.

इ. स. ८६६ मध्ये पोप पहिला निकोलस याने बल्गेरियाच्या राजाला लिहिले की कबुली स्वेच्छेने दिलेली असावी, आणि मार सहन न होऊन निर्दोष माणसाने खोटी कबुली दिली तर त्याचे पाप ती वदवून घेणाऱ्याच्या माथी येते. सुमारे चार शतकांनी, १२५२ मध्ये, पोप चौथा इनोसंट याने पाखंडी मताच्या संशयितांवर छळाचा वापर करण्यास संमती दिली. अवयव तुटू नये आणि जीव जाऊ नये, एवढी मर्यादा घातली. इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंडी मतांचा तपास करणारी, न्यायालये पुढे स्पेन, पोर्तुगाल आणि त्यांच्या वसाहतींपर्यंत पसरली. सुधारणावादी म्हणजे प्रॉटेस्टंट पक्षाचे हातही स्वच्छ राहिले नाहीत: २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात मायकेल सर्व्हेटस याला त्याच्या मतांसाठी जाळण्यात आले. त्यावर सेबास्टियन कास्टेलिओ या प्रॉटेस्टंट विद्वानाने लिहिले की माणसाला ठार मारणे म्हणजे मताचे रक्षण करणे नव्हे, ते माणसाला ठार मारणेच होय. हॉलंडमध्ये १५६९ साली डर्क विलेम्स हा ॲनाबॅप्टिस्ट (बालबाप्तिस्मा नाकारणाऱ्या पंथाचा) कैदी पळून जात असताना त्याचा पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्क मागे फिरला, त्याला बाहेर काढले, स्वतः पकडला गेला आणि जाळला गेला.

वर्गात एकच व्यक्ती तपशिलाने घ्यायची असेल तर मी फ्रीड्रिख श्पे या जर्मन जेझुइट धर्मगुरूची निवड करीन. चेटूक केल्याच्या आरोपाखाली शिक्षा झालेल्यांच्या कबुल्या त्याने ऐकल्या होत्या. १६३१ मध्ये त्याने स्वतःचे नाव न घालता लॅटिनमध्ये एक ग्रंथ छापवला. त्यातील तर्क साधा आणि भेदक आहे: यातना दिल्या की माणूस कबूल करतो, पुन्हा दिल्या की आणखी नावे सांगतो, त्या नावांना पकडून यातना दिल्या की तेही कबूल करतात, आणि अशा रीतीने छळच चेटकिणी निर्माण करत राहतो, तीच साधने धर्मगुरूंवर आणि न्यायाधीशांवर चालवली तर तेही चेटूक केल्याचे कबूल करतील. त्याची लेखणी पीडितांच्या बाजूची असली तरी तो बोलतो न्यायाधीशांशी, त्यांच्याच कायद्याच्या भाषेत, आणि म्हणूनच तो अभ्यासण्यासारखा आहे.

‘हजारो जिवांसाठी एक’ हा प्रश्न

कुठेतरी बॉम्ब लपवलेला आहे, पकडलेल्या माणसाला ठिकाण माहीत आहे, वेळ थोडा आहे. मग त्याला मारावे की नाही? हा प्रश्न येणारच. लगेच हो किंवा नाही म्हणण्याऐवजी फळ्यावर त्यातील गृहीतके लिहून काढावीत: पकडलेला माणूस तोच आहे, त्याला खरोखर माहीत आहे, तो खरेच सांगेल, पडताळणीला वेळ आहे, आणि हे एकदाच घडेल. प्रत्येक गृहीतकापुढे ‘हे कोणी, कसे ठरवले?’ असे विचारावे. ऑगस्टीनचे वाक्य येथे पुन्हा कामाला येते, कारण आरोपीला काय ठाऊक आहे हे ठाऊक नसते म्हणूनच त्याला मारले जाते.

मात्र छळाने खरी माहिती मिळत नाही, एवढ्याच युक्तिवादावर ख्रिस्ती माणसाने विसंबू नये. उद्या कोणी माहिती मिळाल्याचे उदाहरण दाखवले तर त्याच्यापाशी काहीच उरणार नाही. उत्पत्ती १:२७ प्रमाणे बांधलेला माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात बंदिवानाशी केलेले वर्तन प्रभू स्वतःशी केलेले मानतो. नकाराचा पाया तिथे आहे. रोमन कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने छळ मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध असल्याचे म्हटले आहे, आणि पूर्वी धर्माधिकाऱ्यांनी स्वतःच्या न्यायालयांत छळाविषयीचे रोमी कायदे स्वीकारले होते, ही कबुलीही त्यातच दिली आहे.

युद्धाचा प्रश्न आता घ्यायला हरकत नाही. मेनोनाइट आणि क्वेकर मंडळ्या सर्व युद्धे नाकारतात. बहुतेक इतर मंडळ्या काही अटींवर शस्त्र धरणे मान्य करतात. गटाने यावर एकमत करण्याची आवश्यकता नाही. फ्रेंच सत्तेविरुद्धच्या अल्जीरियातील युद्धात फ्रेंच जनरल जाक पारी द बोलार्दिएर, जो कॅथलिक आणि नावाजलेला लढवय्या होता, त्याने छळाला विरोध म्हणून १९५७ मध्ये आपल्या पदावरून मुक्त होण्याची मागणी केली आणि त्याला साठ दिवसांची कैद झाली. लढाईला तयार असलेला माणूसही कोठडीच्या दारात थांबू शकतो, हे त्याच्यामुळे सांगता येते.

वर्गानंतरचे काम

इब्री लोकांस पत्र १३:३ सांगते की बंदिवानांची आठवण जणू आपणही त्यांच्याबरोबर बंदिवान आहोत अशी ठेवावी. ही आठवण कशी ठेवता येते याचे एक उदाहरण ब्राझीलचे आहे. लष्करी राजवटीत आरोपींनी न्यायाधीशांसमोर आपल्यावर झालेला छळ सांगितला होता आणि तो लष्करी न्यायालयाच्या कागदपत्रांत नोंदला गेला होता. वकिलांना ही कागदपत्रे चोवीस तासांसाठी बाहेर नेता येत. साओ पाउलोचे कार्डिनल पाउलो एव्हारिस्तो आर्न्स आणि प्रेस्बिटेरियन पाळक जेमी राइट यांच्या आश्रयाखाली एका लहान गटाने, जागतिक ख्रिस्ती मंडळी परिषदेच्या मदतीने, सातशेहून अधिक खटल्यांच्या दहा लाखांवर पानांच्या प्रती गुपचूप काढल्या. १९८५ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. राज्यानेच लिहून ठेवलेला पुरावा असल्याने तो खोटा म्हणता येईना.

एवढे मोठे काम प्रत्येक मंडळीला जमणार नाही, पण पत्रे लिहिता येतात. फ्रान्समध्ये १९७४ साली हेलेन एंजेल आणि एदिथ द्यु तेर्त्र या दोन प्रॉटेस्टंट स्त्रियांनी छळाच्या निर्मूलनासाठी ख्रिस्ती लोकांची संघटना सुरू केली, तिचे मुख्य काम प्रार्थना आणि पत्रे हेच राहिले आहे. पत्र लिहिण्याआधी बंदिवानाच्या कुटुंबाची किंवा वकिलाची संमती घ्यावी, कारण परक्यांच्या पत्राने कधीकधी त्याला अधिक त्रास होतो. पत्र अधिकाऱ्याच्या नावे, सभ्य भाषेत, एका पानात असावे. त्यात बंदिवानाचे नाव, अटकेची तारीख आणि ठिकाण द्यावे. वकिलाची भेट, स्वतंत्र डॉक्टरकडून तपासणी, कुटुंबाची भेट आणि न्यायालयापुढे हजर करणे, एवढ्याच मागण्या कराव्यात. त्याच्या मतांचे समर्थन किंवा निषेध त्यात नसावा.

छळातून बाहेर आलेल्या व्यक्तीला क्षमा करण्याचा उपदेश करू नये. क्षमा मागून घेता येत नाही, आणि ती घाईने वदवून घेणे हीसुद्धा एक सक्तीच आहे. छळ केलेला माणूस पाळकाकडे आला तर त्याचे ऐकून घ्यावे, पण पश्चात्तापाची प्रार्थना झाली म्हणजे कायद्यापुढील जबाबदारी संपली, असा समज त्याला करून देऊ नये. सार्वजनिक प्रार्थनेसाठी २६ जून हा दिवस सोयीचा आहे. १९८७ मध्ये याच तारखेला छळविरोधी करार अमलात आला आणि संयुक्त राष्ट्रे तो छळपीडितांच्या समर्थनाचा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी बंदिवानांची नावे घेऊन प्रार्थना करावी आणि पहारेकऱ्यांसाठीही करावी. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत व तारीख एका वहीत ठेवण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे, आणि सहा आठवड्यांत उत्तर आले नाही तर आधीच्या पत्राच्या तारखेचा उल्लेख करून दुसरे पत्र पाठवावे.